जुनी डिझेल एसयूव्ही घेण्याआधी नेमके काय तपासावे? (केळापूर तालुका, साडेसहा लाखांपर्यंत)

पांदणवाट (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. आमचे गाव पांढरकवड्याच्या बाजूला, महामार्ग सोडल्यावर अकरा किलोमीटर आत आहे आणि त्यातले शेवटचे तीन किलोमीटर निव्वळ पांदण रस्त्याचे आहेत. वडिलांना दर पंधरा दिवसांनी तपासणीसाठी यवतमाळला न्यावे लागते. गेल्या ऑगस्टमध्ये आमची लहान गाडी काळ्या मातीत पोटावर टेकली, आणि त्यांना शेजाऱ्यांच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसवून डांबरी रस्त्यापर्यंत आणावे लागले. ती वेळ पुन्हा येऊ नये म्हणून यंदाच्या कापसाच्या चुकाऱ्यातून उंच चाकांची जुनी डिझेल गाडी घ्यायची, असे घरात ठरले आहे.

तीन गाड्या पाहण्यात आहेत. विक्रेत्यांची ओळख उघड होऊ नये म्हणून मॉडेलची नावे लिहीत नाही.

पहिली २०१५ ची, चेसिसवर बांधलेली सात आसनी गाडी आहे; पासिंग एमएच-३४, मीटर ८८ हजार, किंमत सहा लाख वीस हजार. दुसरी २०१७ ची पाच आसनी, मोनोकॉक बांधणीची, म्हणजे वेगळी चेसिस नसलेली. नागपूरच्या एका निवृत्त शिक्षकांकडे आहे, मीटर १ लाख १२ हजार, किंमत पाच लाख ऐंशी हजार. तिसरी २०१६ ची, दिल्लीहून आणलेली असून एका व्यापाऱ्याच्या आवारात उभी आहे; दिसायला तिन्हींत सुंदर आणि किंमत केवळ चार लाख नव्वद हजार. माझा कल पहिलीकडे आहे, घरच्यांचा तिसरीकडे. जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे. माझ्याकडे पैसा एकदाच आहे.

वणीचा_मिस्त्री

भाऊ, मी बावीस वर्षे डिझेल गाड्यांचेच काम करतो आहे, त्यामुळे थोडे लांबण लावतो.

एमएच-३४ म्हणजे चंद्रपूरचे पासिंग. चंद्रपूर, घुग्घुस, वणी या पट्ट्यात अशा बऱ्याच गाड्या खाणींच्या कामावर कंत्राटाने लागतात. त्यात लपवण्यासारखे काही नाही. पण अशी गाडी दिवसभर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये धुळीतून फिरते आणि साहेब खाली उतरले की तासन्‌तास एसी चालू ठेवून उभी राहते. तिचे किलोमीटर कमी पडतात, इंजिनाचे तास मात्र भरत जातात. म्हणून ८८ हजारांचा आकडा खरा निघाला, तरी तेवढ्यावरून इंजिन ताजे आहे असे समजू नका.

गाडी खाणीत चालली आहे का, हे विक्रेता सांगेलच असे नाही, पण गाडी सांगते. चालकाची सीट पूर्ण पुढे सरकवून तिच्या रुळांच्या खाचेत पांढरा कपडा फिरवा. आपल्या वावरातली माती वाळल्यावर राखी-तपकिरी दिसते आणि चिमटीत चुरली जाते. कोळशाची धूळ तेलकट काळी असते आणि बोटाला काजळासारखी चिकटून राहते. दाराच्या खालच्या कडेला पाणी निघून जाण्याची बारीक भोके असतात, तीही पाहा. एसीचा केबिन फिल्टर काढून पाहा. गाडी धुणारा इतक्या आत जात नाही.

मीटर मागे घेतले आहे का, हे ओळखण्यासाठी क्लच आणि ब्रेक या दोन्ही पेडलांचे रबर शेजारी-शेजारी पाहावे. एक नवेकोरे आणि दुसरे गुळगुळीत असेल, तर कोणीतरी ते मुद्दाम बदलले आहे. स्टीअरिंगचा वरचा भाग, गिअरच्या मुठीवरचे आकडे आणि चालकाच्या सीटची दाराकडची कड यांवर जी झीज दीड-दोन लाख किलोमीटरला दिसते, ती ८८ हजारांना दिसू नये. याहून भक्कम पुरावा म्हणजे अधिकृत सर्व्हिस सेंटरमधली नोंद. प्रत्येक सर्व्हिसच्या वेळचे किलोमीटर तिथे नोंदलेले असतात. मालकाला सोबत घेऊन जा आणि यादी मागा. मालक यायला टाळाटाळ करू लागला, तर पुढे बोलणेच करू नका.

आता इंजिन. गाडी रात्रभर उभी राहिलेली असताना सकाळीच पाहायला जावे. "मी येईपर्यंत सुरू करू नका" असे आदल्या दिवशी सांगून ठेवा, आणि पोचल्याबरोबर पहिल्यांदा बॉनेटवर तळहात ठेवा. गरम लागले, तर थंड इंजिन सुरू होताना जे काही दिसते ते तुम्हाला दिसू नये अशी व्यवस्था झालेली आहे. थंड इंजिन सुरू केल्यावर एक माणूस सायलेन्सरपाशी उभा करा. काळा धूर सुटत राहिला, तर डिझेल जास्त आणि हवा कमी पडते आहे. नोझल, एअर फिल्टर किंवा टर्बोचा फाटलेला पाइप यांपैकी काहीतरी कारण असते. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. पांढरा धूर हिवाळ्यात क्षणभर दिसतो आणि तो वाफेचा असतो. पण इंजिन तापल्यावरही तो टिकला आणि त्याला गोडसर वास आला, तर इंजिन थंड ठेवणारे कुलंट आत शिरते आहे, म्हणजे हेड गॅस्केटचा खर्च समोर उभा आहे.

इंजिन चालू असताना ऑइल भरायचे झाकण सैल करून जागेवरच उलटे ठेवा. झाकण किंचित थरथरले तर हरकत नाही. ते उडून पडू लागले आणि खालून गाडी श्वास टाकल्यासारखा धूर भसाभसा येऊ लागला, तर रिंगा आणि बोअर झिजले आहेत. अशी गाडी कितीही चकचकीत असली तरी हात जोडून परत यावे, कारण इंजिन बांधण्याच्या खर्चात तुमचे अंदाजपत्रक संपते.

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, म्हणून गाडी दुपारीही एकदा चालवावी. एसी पूर्ण सोडून अर्धा-पाऊण तास चालवा, मग पाच-दहा मिनिटे उभ्यानेच चालू ठेवा. तापमानाचा काटा मध्याच्या वर सरकता कामा नये. कुलंटच्या बाटलीत तेलाचा तवंग किंवा गंजाचा तांबूस गाळ दिसतो का, ते मात्र इंजिन थंड असतानाच पाहा. गरम रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नका. भाजलेले हात मी पाहिले आहेत.

काटोलकर

वणीच्या दादांना एक प्रश्न. बीएस-६, म्हणजे धुराच्या नव्या, कडक मानकाची गाडी घेणे अधिक शहाणपणाचे नाही का? ती नवी असते आणि प्रदूषणही कमी करते.

वणीचा_मिस्त्री

१ एप्रिल २०२० पासून विकल्या गेलेल्या गाड्या बीएस-६ आहेत. त्यांतल्या डिझेल गाड्यांत धुरातली काजळी अडवणारी डीपीएफ नावाची जाळी असते. ती जाळी स्वतः साफ व्हायला गाडी अधूनमधून मोठ्या रस्त्यावर सलग वेगात चालावी लागते, म्हणजे आतली काजळी जळून जाते. रोज गाव ते बाजार एवढेच चार-पाच किलोमीटर चालणाऱ्या गाडीत ती तुंबते, दिवा लागतो आणि गाडीची ताकद कमी होते. धागाकर्त्यांची यवतमाळची फेरी पंधरा दिवसांतून एकदा आहे, तेवढ्यावर कदाचित भागेल. पण साडेसहा लाखांत बीएस-६ डिझेल शोधताना गाडीच्या अवस्थेत तडजोड करावी लागेल. मी त्यांना बीएस-४ मधलीच नीट जपलेली गाडी सुचवीन.

नागकाठ

दुसरी गाडी नागपूरची आहे म्हणून लिहितो. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात अतिवृष्टी झाली, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले. तळघरांत आणि रस्त्यांवर उभ्या असलेल्या किती गाड्या बुडाल्या, ते आम्ही डोळ्यांनी पाहिले. त्यांतल्या काही धुऊन-पुसून बाजारात आल्या आणि त्यांतलीच एक नकळत माझ्या भावाने घेतली. चार महिने गाडी उत्तम चालली. पाचव्या महिन्यात खिडक्या आपोआप खाली येऊ लागल्या, मग एके दिवशी हिंगण्याच्या रस्त्यावर इंजिनच बंद पडले. वायरिंगच्या जोडण्यांत हिरवट बुरशीसारखा थर चढला होता.

म्हणून सांगतो, प्रत्येक सीटचा पट्टा शेवटपर्यंत बाहेर ओढून पाहा. वरचा भाग सगळे धुतात, गुंडाळीतला शेवटचा हातभर पट्टा कोणी धूत नाही. त्यावर चिखलाची रेघ दिसते. स्टेपनीच्या खड्ड्यातला गालिचा उचला. सीटच्या खालचे बोल्ट गंजलेले आहेत का, हेडलाइटच्या आत पाण्याची रेघ आहे का आणि फ्यूजच्या पेटीत बारीक गाळ आहे का, ते पाहा. काचा बंद करून गाडी दोन तास उन्हात उभी ठेवा आणि मग दार उघडून पहिला श्वास घ्या. कुबट वास लपत नाही. विम्याच्या दाव्यांचा इतिहासही मालकाकडून मागून घ्या. शिक्षक प्रामाणिक असतील, यात मला शंका नाही. पण गाडी त्यांनी कोणाकडून घेतली, तेही विचारा.

कागदपत्रवाले_काका

मी अमरावतीला वाहन हस्तांतरणाची कामे करतो. तिसऱ्या गाडीबद्दल लिहिणे आवश्यक वाटते.

दिल्ली आणि राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये बंदी घातली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ती उचलून धरली. तेव्हापासून दहा वर्षांच्या जवळ आलेल्या गाड्या तिकडे पडत्या भावात विकल्या जाऊ लागल्या आणि व्यापारी त्या आपल्याकडे आणू लागले. गाडी वाईटच असेल असे नाही. परंतु ४ लाख ९० हजार ही तिची पूर्ण किंमत नाही. तिकडच्या कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म २८, हाती आहे का, ते आपल्याच जिल्ह्याच्या आरटीओच्या नावाने काढले आहे का, आणि महाराष्ट्रातला कर कोण भरणार, हे तीन प्रश्न व्यापाऱ्याला लेखी विचारा. कर भरून इथला क्रमांक घेईपर्यंत गाडी कागदावर दुसऱ्याच्याच नावाची राहते. "सह्या करून ठेवलेले कोरे फॉर्म आहेत, चिंता करू नका" असे उत्तर आले, तर चिंता करण्याची वेळ तीच आहे, कारण ज्याच्या सह्या आहेत तो माणूस दिल्लीत आहे आणि पडताळणीला कोणी येणार नाही.

राज्यातल्या गाडीसाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत हस्तांतरण आरटीओला कळवायचे असते. गाडीवर कर्ज असेल, तर बँकेचे पत्र आणि फॉर्म ३५ देऊन आरसीवरचा बोजा आधी उतरवून घ्या. कर्ज फिटले म्हणून बोजा आपोआप उतरत नाही. वाहन पोर्टलवर क्रमांक टाकून कितवा मालक आहे, विमा व फिटनेस केव्हापर्यंत आहे आणि बोजा आहे का, हे घरबसल्या पाहता येते. ई-चलनाची थकबाकी वेगळी तपासा. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसवलेली आहे का, तेही पाहा. आणि विमा आपल्या नावावर करून घेण्याचा अर्ज १४ दिवसांच्या आत द्या. विक्रेत्याचा नो-क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दलची सूट, त्याच्याकडेच राहतो, तेव्हा हप्ता थोडा वाढेल हे गृहीत धरा.

चेसिसवर कोरलेला क्रमांक आरसीशी अक्षर-अक्षर जुळवा. त्यावर ताजा रंग असेल, तर रॉकेलच्या बोळ्याने पुसून वाचा.

मेळघाटवाट

धागाकर्त्यांना चेसिसवरचीच गाडी हवी आहे, असे दिसते. मी धारणीच्या बाजूला दोन्ही प्रकारच्या गाड्या चालवल्या आहेत. बोलेरो २००० पासून आणि स्कॉर्पिओ २००२ पासून आपल्या रस्त्यांवर आहेत. अशा चेसिसवरच्या गाड्या मार खातात, त्यांचे सुटे भाग तालुक्याला मिळतात आणि त्या दुरुस्त करणारे हातही सगळीकडे आहेत, हे खरे आहे. पण तीन किलोमीटरच्या पांदणीसाठी मोनोकॉक गाडीही पुरते, जर तिचे पोट जमिनीपासून पुरेसे उंच असेल आणि टायर चांगले असतील. काळ्या मातीत चाकाची नक्षी भरली, की फोर-बाय-फोर गाडीसुद्धा घसरते. आजारी माणसाला सत्तरेक किलोमीटर न्यायचे, तर मोनोकॉक गाडीत हेलकावे कमी बसतात, हाही विचार करा.

टायरच्या बाजूवर शेवटी चार आकडे असतात. ३५१९ म्हणजे २०१९ च्या पस्तिसाव्या आठवड्यातला टायर. मीटर ४० हजार सांगते आणि चारही टायर वेगवेगळ्या वर्षांचे निघाले, तर प्रश्न विचारावेत.

वणीचा_मिस्त्री

गाडी कोणतीही घ्या, एक गोष्ट सांगायची राहिली. इंजिनातले व्हॉल्व्ह वेळेवर उघडबंद करायला टायमिंग बेल्ट आहे की चेन, ते आधी माहीत करून घ्या. स्कॉर्पिओच्या एमहॉक इंजिनात आणि ब्रेझाच्या १.३ लिटर डिझेलमध्ये चेन आहे, डस्टरच्या १.५ लिटर डिझेलमध्ये आणि जुन्या इनोव्हाच्या २.५ लिटर इंजिनात बेल्ट आहे. बेल्ट रबराचा असतो, ठरलेल्या किलोमीटरनंतर किंवा वर्षांनंतर बदलावाच लागतो, आणि तुटण्यापूर्वी बहुधा कोणताही आवाज देत नाही. चालत्या इंजिनात तो तुटला, की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि हेड उतरवावे लागते. बेल्ट बदलल्याचे बिल मिळाले तर उत्तम. बिल नसेल, तर तो बदललेला नाही असे धरून तेवढी रक्कम किमतीतून कमी करून घ्या.

पांदणवाट (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. दहा दिवसांनी लिहितो आहे.

पहिली गाडी पाहायला सकाळी साडेसहाला पोचलो. थंडी होती, आजूबाजूच्या गाड्यांच्या काचांवर दव साचले होते, आणि हिच्या बॉनेटवर मात्र दवाचा थेंब नव्हता. हात ठेवला, तर भाकरी ठेवलेल्या टोपलीसारखे ऊबदार लागले. मालक म्हणाले, "मुलाने दूध आणायला नेली होती." सोबत आणलेल्या मेकॅनिकने काहीच न बोलता गाडीखाली सतरंजी टाकली. खाली सगळी चेसिस नव्या काळ्या रंगाने माखलेली होती. बोल्टवर, बुशच्या रबरावर, ब्रेकच्या पाइपवरसुद्धा तोच रंग. त्याने पेचकसाने उजव्या बाजूला, पुढच्या चाकामागे रंग खरवडला. वीतभर लांब वेल्डिंगची जाड, ओबडधोबड गाठ उघडी पडली. सीटच्या रुळांतून फिरवलेला कपडाही काळा निघाला. मालकांना नमस्कार करून आम्ही निघालो. तिच्याकडे माझा कल होता, हे आठवून परतीच्या रस्त्यावर माझे मन फार अस्वस्थ झाले, कारण याच गाडीत मी वडिलांना बसवणार होतो.

तिसऱ्या गाडीच्या व्यापाऱ्याला काकांनी सांगितलेले तीन प्रश्न लेखी पाठवले. उत्तर आले नाही.

नागपूरची गाडी शनिवारी पाहिली. बॉनेट थंड होते. धूर स्वच्छ होता, झाकण जागेवर राहिले, पाचही पट्टे टोकापर्यंत कोरडे आणि एकाच रंगाचे निघाले. सर गाडीचे पहिलेच मालक आहेत. त्यांनी एका वहीत प्रत्येक वेळी भरलेल्या डिझेलची आणि किलोमीटरची नोंद ठेवली आहे, आणि सर्व्हिस सेंटरच्या यादीतले आकडे त्या वहीशी जुळले. चौथ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला, तेव्हा मात्र इंजिनाचा आवाज चढला आणि वेग तितका वाढला नाही. मेकॅनिकच्या मते क्लच प्लेट उतरणीला लागली आहे. इंजिन बेल्टचे आहे आणि बेल्ट बदलल्याचे बिल नाही. सरांना दोन्ही गोष्टी सांगितल्या, तेव्हा त्यांनी वाद न घालता वही उघडली, पाहिली आणि "हे माझ्याकडून राहिले" असे म्हणाले. व्यवहार पाच लाख पस्तीस हजारांना ठरला. वीस हजारांचा इसार दिला असून, बँकेचे पत्र आणि फॉर्म ३५ मिळाल्यावर उरलेली रक्कम खात्यातून द्यायची, असे पावतीवर लिहून घेतले आहे.

वणीच्या दादांना विचारायचे आहे, की बेल्ट नागपुरातच बदलून घ्यावा, की गाडी तुमच्याकडे आणावी?

वणीचा_मिस्त्री

नागपुरातच बदलून घ्या. न बदललेल्या बेल्टवर वणीपर्यंत यायला मी सांगणार नाही. नुसता बेल्ट घेऊ नका. बेल्ट ताणून धरणारा टेन्शनर, त्याला वाट देणारी आयडलर पुली आणि त्याच बेल्टवर फिरत असेल तर वॉटर पंपही त्याच वेळी बदला, कारण तेवढे सगळे पुन्हा खोलण्याची मजुरी दुसऱ्यांदा द्यावी लागते. काढलेला जुना बेल्ट मागून घ्या, उलटा वाकवून त्याला भेगा आहेत का ते पाहा आणि फोटो इथे टाका. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग मी करून देईन. गाडी सोमवार सोडून कोणत्याही दिवशी आणा, आणि वडिलांची तारीख केव्हा आहे ते आधी कळवा, म्हणजे गाडी त्याच्या आदल्या दिवशी तयार ठेवता येईल.